७१ ची सरासरी, तरी वाट्याला फक्त १० टेस्ट. मग विजय मर्चंट यांनी माईक हातात घेतला

आज टीव्हीवर मॅच लावली की कॉमेंट्री बॉक्समध्ये माजी खेळाडूच दिसतात. सुनील गावसकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर. तिघंही मुंबईचे, तिघंही टेस्ट खेळलेले. क्रिकेट सोडलं की माईक हातात घ्यायचा, हे आता ठरल्यासारखंच झालंय. नवीन पोरांना तर वाटतं की हे पहिल्यापासून असंच होतं.

पण तसं नव्हतं. एक काळ असा होता की कॉमेंट्री करणारा वेगळा आणि खेळणारा वेगळा. त्यातही ज्याच्या घरी कापडाच्या गिरण्या आहेत, ज्याला पोटापाण्यासाठी काहीही करायची गरज नाही, असा माणूस रेडिओच्या खोलीत जाऊन का बसेल?

पण एक माणूस बसला. त्याचं नाव विजय मर्चंट.

फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये दीर्घ कारकीर्द झालेल्या बॅट्समनची सरासरी काढली तर पहिलं नाव येतं डॉन ब्रॅडमन यांचं, ९५.१४. आणि दुसरं नाव येतं मर्चंट यांचं, ७१.६४. एवढा मोठा बॅट्समन, पण टेस्ट खेळला फक्त १०. त्याची बॅटिंग डोळ्यांनी बघितलेली माणसं तशी कमीच. पण त्याचा आवाज ऐकलेली माणसं देशभर होती.

हे कसं झालं, त्याचीच ही गोष्ट.

आडनाव ठाकरसी, मग मर्चंट कुठून आलं?

१२ ऑक्टोबर १९११ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. घराणं ठाकरसी. कापड गिरण्यांच्या धंद्यातलं मुंबईतलं मोठं नाव. हिंदुस्तान मिल्स याच घराण्याची.

मग मर्चंट हे आडनाव कसं पडलं? त्याचा किस्सा असा सांगतात की शाळेत नाव घालताना बाईंनी मुलाला नाव विचारलं आणि घरचा धंदा काय तेही विचारलं. मुलानं व्यापार असं सांगितलं. कुठंतरी गडबड झाली आणि धंदाच आडनाव म्हणून वहीत चढला. तेव्हापासून विजय ठाकरसी झाले विजय मर्चंट. पुढं त्यांचे भाऊ उदय हेही मुंबईकडून खेळले, ते मर्चंट याच नावानं.

शिक्षण भरडा हायस्कूल आणि सिडनम कॉलेजात झालं. उंची बेताची. अंगात प्रचंड ताकद वगैरे नव्हती. पण बॉल अगदी शेवटच्या क्षणापर्यंत बघायचा आणि उशिरा खेळायचा, ही त्यांची पद्धत होती. लेट कट हा त्यांचा खास फटका. फास्ट बॉलरला हुकसुद्धा करायचे. मुंबईच्या बॅटिंगबद्दल ‘खडूस’ हा शब्द आज वापरतात ना, विकेट फेकायची नाही, बॉलरला दमवायचं, मग धावा काढायच्या, त्या घराण्याची सुरुवात मर्चंट यांच्यापासून धरतात.

पहिली संधी आली, ती त्यांनी स्वतः सोडली

१९३२ साली भारताची टीम इंग्लंडला जाणार होती. भारताची पहिली अधिकृत टेस्ट तिथंच, लॉर्ड्सवर होणार होती. मर्चंट तेव्हा विशीत होते. कुणाही खेळाडूनं आयुष्यभर वाट बघावी अशी ही संधी.

पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला महात्मा गांधींना आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांना सरकारनं तुरुंगात टाकलं होतं. नेते तुरुंगात असताना इंग्लंडला जाऊन क्रिकेट कसं खेळायचं, असा प्रश्न मुंबईच्या हिंदू जिमखान्यात उभा राहिला. एल. पी. जय, चंपक मेहता आणि विजय मर्चंट यांनी दौऱ्यातून माघार घेतली.

२५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर सी. के. नायडू यांची टीम उतरली. हे नायडू म्हणजे आपल्या नागपूरचे. भारताच्या पहिल्या टेस्ट टीमच्या यादीत मर्चंट यांचं नाव नाही, त्याचं कारण हे आहे.

घरातलं वातावरणही तसंच होतं. त्यांची बहीण लक्ष्मी हिची एक सह्यांची वही होती. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांची इंग्लंडची टीम भारतात आली, तेव्हा त्या टीमच्या १६ खेळाडूंच्या सह्या तिनं एका पानावर घेतल्या होत्या. पुढं ती वही घेऊन ती गांधीजींकडं गेली. गांधीजींनी वही चाळली, तेच पान काढलं आणि सोळा सह्यांच्या खाली सतरावा आकडा टाकून स्वतःची सही केली. ज्यांच्या राज्याशी लढाई चालू होती त्यांच्याच टीमचे ते सतरावे खेळाडू झाले.

खेळायला मिळालं तेव्हा

मर्चंट यांची पहिली टेस्ट झाली डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईतल्या जिमखाना मैदानावर. भारतात झालेली ही पहिलीच टेस्ट. कॅप्टन सी. के. नायडू. याच मॅचमध्ये लाला अमरनाथ यांनी भारताकडून टेस्टमधलं पहिलं शतक ठोकलं.

मग आला १९३६ चा इंग्लंड दौरा. क्रिकेटपेक्षा भांडणांसाठीच हा दौरा जास्त लक्षात राहिला. कॅप्टन होते विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. त्यांचं क्रिकेट बेताचं, पण वजन मोठं. दौरा अर्ध्यात असतानाच त्यांनी लाला अमरनाथ यांना घरी पाठवून दिलं. टीममध्ये गट पडले होते.

याच दौऱ्यात मँचेस्टरला दुसरी टेस्ट झाली. भारत पहिल्या डावात मागं पडला होता. दुसऱ्या डावात ओपनिंगला आले मर्चंट आणि मुश्ताक अली. मुश्ताक अली यांनी नंतर सांगितलेली गोष्ट भारीच आहे. मर्चंट यांना रनआऊट कर, असं कॅप्टननं आपल्याला सांगितलं होतं आणि मैदानात गेल्यावर आपण ते मर्चंटनाच सांगून टाकलं, असं त्यांचं म्हणणं. दोघं हसले आणि खेळायला लागले. ओपनिंगची भागीदारी झाली २०३ धावांची. मुश्ताक ११२, मर्चंट ११४.

त्या दौऱ्यात मर्चंट यांनी १,७४५ धावा केल्या. १९३७ साली विस्डेननं वर्षातल्या पाच खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली. वय होतं २५. आता खरी कारकीर्द सुरू होणार होती.

आणि दुसरं महायुद्ध आलं.

ऑगस्ट १९३६ नंतर भारत पुढची टेस्ट खेळला थेट जून १९४६ मध्ये. दहा वर्षं. बॅट्समनचा सगळ्यात चांगला काळ असतो २५ ते ३५. मर्चंट यांचा तो काळ असा बिनटेस्टचा गेला.

युद्धाच्या काळातली जुगलबंदी

टेस्ट बंद होत्या, पण देशातलं क्रिकेट चालू होतं. मुंबईत पेंटँग्युलर स्पर्धा भरायची. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि बाकीच्यांची ‘रेस्ट’, अशा पाच टीम. धर्मावर टीम करायच्या या पद्धतीला गांधीजींचा विरोध होता आणि १९४६ मध्ये ती बंदही झाली. पण गर्दी मात्र तुफान व्हायची.

१९४३-४४ चा मोसम म्हणजे दोन विजयची जुगलबंदी. एक विजय मर्चंट, दुसरे सांगलीचे विजय हजारे. हजारे यांनी पेंटँग्युलरमध्ये २४८ केल्या. फायनलमध्ये मर्चंट यांनी हिंदू टीमकडून नाबाद २५० करून तो विक्रम मोडला. त्याच मॅचमध्ये फॉलोऑननंतर हजारे यांनी ३०९ केल्या. त्यांच्या टीमच्या सगळ्या मिळून धावा होत्या ३८७. म्हणजे बाकी सगळ्यांच्या आणि अवांतर मिळून ७८! तरी हजारे यांची टीम डावानं हरली.

मग थोड्याच दिवसांत मर्चंट यांनी रणजीमध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या. रुसी मोदींबरोबर सहाव्या विकेटसाठी ३७१ ची भागीदारी झाली. पुढच्या वर्षी होळकर टीमविरुद्ध रणजी फायनलमध्ये २७८.

रणजी स्पर्धेतली त्यांची सरासरी ९८ च्या वर आहे. हे वाचताना टायपिंगची चूक वाटते, पण नाही, आकडा खरा आहे.

फुटबॉलर आडवा आला

१९४६ साली भारताची टीम परत इंग्लंडला गेली. मर्चंट व्हाईस कॅप्टन. कॅप्टनशिप मिळाली इफ्तिखार अली खान पतौडी यांना. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मर्चंट तेव्हा ३४ वर्षांचे होते. दौऱ्यात त्यांनी २,३८५ धावा केल्या, सरासरी ७४.५३. ओव्हलच्या टेस्टमध्ये १२८. त्यांना आऊट कसं केलं बघा. डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा बॅट्समन आर्सेनलकडून फुटबॉलही खेळायचा. त्यानं बॉल हातात उचलायच्या ऐवजी पायानंच मारला, बॉल स्टंपवर गेला आणि मर्चंट रनआऊट.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मर्चंट यांना कॅप्टन केलं गेलं. ब्रॅडमन यांच्या टीमसमोर स्वतंत्र भारताची पहिली टीम घेऊन जायचं होतं. पण दुखापतीमुळं त्यांना नाव मागं घ्यावं लागलं आणि लाला अमरनाथ कॅप्टन झाले. पहिला आणि दुसरा एकाच मैदानावर समोरासमोर येणार होते, ते राहूनच गेलं.

नोव्हेंबर १९५१. दिल्लीचं फिरोजशहा कोटला मैदान. समोर इंग्लंड. पाच वर्षांनी मर्चंट टेस्ट खेळायला उतरले. वय ४० वर्षं आणि २१ दिवस. केल्या १५४ धावा. टेस्टमध्ये तोपर्यंत भारताच्या कुणीच इतक्या केल्या नव्हत्या. हा विक्रम किती वेळ टिकला? त्याच डावापुरता. कारण दुसऱ्या बाजूला परत विजय हजारेच होते, ते नाबाद १६४ वर गेले.

याच मॅचमध्ये फिल्डिंग करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांनी खेळ थांबवला. शेवटच्या टेस्टमध्ये शतक करून ते गेले.

हिशोब असा. १८ वर्षांत १० टेस्ट. दहाच्या दहा इंग्लंडविरुद्ध. ८५९ धावा, सरासरी ४७.७२, तीन शतकं. एका दौऱ्याला स्वतः नकार दिला, दहा वर्षं युद्धानं खाल्ली, उरलेलं दुखापतींनी नेलं.

मग माईक

इथं थोडं रेडिओबद्दल समजून घ्यायला पाहिजे.

भारतात क्रिकेटची रेडिओ कॉमेंट्री सुरू झाली १९३० च्या दशकात. त्या काळातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे बॉबी तल्यारखान. मुंबईचे पारशी गृहस्थ. दिवसभर एकटेच बोलायचे. दुसरा कॉमेंटेटर शेजारी नको, असा त्यांचा हट्ट होता. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीनं एका मॅचला दोन-तीन जणांचं पॅनल बसवायचं ठरवलं, तेव्हा तल्यारखान बाजूला झाले.

एकाच्या जागी तिघं लागायला लागले, तेव्हा माजी खेळाडूंना या खोलीत जागा झाली. गंमत म्हणजे १९३६ चे कॅप्टन विझीसुद्धा पुढं कॉमेंटेटर झाले. ज्यांनी मर्चंटना रनआऊट करायला सांगितल्याची गोष्ट आहे ते, आणि स्वतः मर्चंट, दोघंही शेवटी माईकसमोर येऊन बसले.

रेडिओवर बोलणं टीव्हीपेक्षा वेगळं असतं. टीव्हीवर कॉमेंटेटर गप्प बसला तरी चालतं, चित्र दिसत असतं. रेडिओवर गप्प बसलं की ऐकणाऱ्यासमोर अंधार. बॉल कुठं पडला, बॅट्समन पुढं आला की मागं गेला, फिल्डर कुठं उभा होता, स्कोअर काय झाला, हे सगळं पुढचा बॉल पडायच्या आत सांगायचं. नवीन माणसानं आत्ताच रेडिओ लावला असेल, म्हणून स्कोअर परत परत सांगायचा.

मर्चंट यांच्या बॅटिंगमध्ये जे होतं तेच इथं कामाला आलं. घाई नाही आणि नेमकेपणा पक्का. आकडे त्यांना तोंडपाठ असायचे. स्वतः ओपनर असल्यामुळं नवीन बॉल काय करतो, बॅट्समन का फसला, हे ते आतून सांगू शकत होते.

पण ते नुसते कोरडे नव्हते. जानेवारी १९६० मधला किस्सा तर आजही सांगतात. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट चालू होती. देखणा तरुण अब्बास अली बेग याची फिफ्टी झाली. तेवढ्यात नॉर्थ स्टँडमधून एक मुलगी पळत मैदानात आली आणि तिनं बेगच्या गालाची पप्पी घेतली. १९६० साली, भर मैदानात! सगळं स्टेडियम चाट पडलं. माईकवर होते मर्चंट. त्यांनी तिथल्या तिथं तक्रार केली की आम्ही शतकं आणि द्विशतकं काढत होतो तेव्हा अशा धाडसी मुली कुठं होत्या कुणास ठाऊक.

बोरी अरबला टेस्ट मॅच कशी पोचायची?

आता जरा मुंबईच्या बाहेर येऊ.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचं गाव आहे. कापसाचा पट्टा. या भागातला कापूस बाहेर काढायला इंग्रजांच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी छोटी रेल्वे टाकली होती, दारव्ह्यावरून जाणारी. तीच आपली शकुंतला. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा आणि मुंबईकडं जायचा.

पण मुंबईचं क्रिकेट इकडं कसं येणार? टीव्ही नव्हता. जवळचं मोठं मैदान नागपूरचं, आणि तिथंसुद्धा पहिली टेस्ट झाली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध. पेपर यायचा तो उशिरा. म्हणजे टेस्ट मॅच चालू असताना ती समजायची एकच सोय होती, ती म्हणजे रेडिओ.

तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा. सगळ्यांच्या घरी तो नसायचाच. मग ज्याच्याकडं असेल त्याच्या ओट्यावर, नाहीतर पानठेल्यावर माणसं जमायची. ट्रान्झिस्टर आल्यावर तो वावरातही गेला. स्कोअर काय, हा प्रश्न रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारता यायचा.

मर्चंट यांची कॉमेंट्री इंग्रजीत असायची. आता गावाकडं इंग्रजी किती जणांना कळायची? थोड्यांनाच. पण क्रिकेटचे शब्द सगळ्यांना कळायचे. फोर, सिक्स, आऊट, नॉटआऊट, मेडन. खेळाडूंची नावं कळायची. आवाज चढला की काहीतरी झालं हेही कळायचं. ज्याला इंग्रजी येतं असा कुणी मास्तर किंवा कॉलेजातला पोरगा शेजारी असेल तर तो सांगायचा.

ही अडचण पुढं सोडवली ती मराठी कॉमेंट्रीनं. त्यात मोठं नाव म्हणजे बाळ ज. पंडित. तेही आधी खेळाडूच, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. त्यांनी मराठीतून क्रिकेट सांगितलं आणि क्रिकेटवर मराठीत भरपूर लिहिलंही. म्हणजे खेळाडूनं माईक हातात घ्यायची रीत इंग्रजीपुरती राहिली नाही.

रविवारची दुपार

विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. १० वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली, ती पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. जाहिराती आल्या म्हणजे प्रायोजित कार्यक्रम आले. कंपनी पैसे देणार आणि तिच्या नावानं कार्यक्रम होणार.

अशाच काळात आला ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’. १९७० च्या दशकात रविवारी दुपारी हा कार्यक्रम लागायचा.

यात मॅच चालू नसायची. मर्चंट क्रिकेटबद्दल बोलायचे, खेळाडूंशी गप्पा मारायचे. आज यूट्यूबवर माजी खेळाडूंचे शो असतात, पॉडकास्ट असतात, त्याचंच हे जुनं रूप समजा. फरक एवढाच की तेव्हा हा एकच होता. चुकला तर परत बघायची सोय नाही, पुढच्या रविवारपर्यंत थांबा.

त्या काळातल्या शाळकरी पोरांना मर्चंट हे बॅट्समन म्हणून माहीतच नव्हते. त्यांची शेवटची टेस्ट ही पोरं जन्मायच्या आधी होऊन गेली होती. त्यांच्यासाठी मर्चंट म्हणजे रविवारच्या दुपारी रेडिओतून येणारा एक शांत आवाज. हाच माणूस नाबाद ३५९ काढून बसलाय, हे वडील किंवा काका सांगायचे तेव्हा कळायचं.

एक मत, आणि पतौडी नाव परत आलं

माईकच्या मधल्या काळात मर्चंट यांच्याकडं आणखी एक काम आलं, राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपद. बॉक्समध्ये बसून निवडीवर बोलणं सोपं असतं. इथं निवड स्वतः करायची होती.

त्यांनी तरुण पोरांना घ्यायचं धोरण धरलं. १९६९ मध्ये गुंडप्पा विश्वनाथ आणि एकनाथ सोलकर यांना टेस्ट कॅप मिळाली. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी मुंबईच्या एका २१ वर्षांच्या ओपनरला घेतलं. त्याचं नाव सुनील गावसकर.

पण मोठा प्रश्न कॅप्टनचा होता. कॅप्टन होते मन्सूर अली खान पतौडी, टायगर. म्हणजे १९४६ मध्ये मर्चंट यांच्याऐवजी ज्यांना कॅप्टन केलं त्या पतौडींचे चिरंजीव. समितीत मतं समसमान पडली. अध्यक्षाचं निर्णायक मत मर्चंट यांचं. त्यांनी ते दिलं अजित वाडेकर यांना.

मुंबईच्या माणसानं मुंबईच्या माणसाला केलं, बापाचा राग मुलावर काढला, असं तेव्हा बोललं गेलं, आणि आजही बोललं जातं. दुसरी बाजू अशी की पतौडींच्या टीमचे आधीचे निकाल चांगले नव्हते आणि नव्या टीमला नवा कॅप्टन द्यायचा विचार होता. मत चुकलं असतं तर मर्चंट यांना लोकांनी कधीच माफ केलं नसतं.

पण झालं उलटं. वाडेकर यांची टीम वेस्ट इंडिजमध्ये सिरीज जिंकली. गावसकर यांनी चार टेस्टमध्ये ७७४ धावा केल्या. मग २४ ऑगस्ट १९७१ ला ओव्हलवर इंग्लंडलाही हरवून सिरीज जिंकली. दोन्ही देशांत भारताचा हा पहिलाच सिरीज विजय. हे दोन्ही विजय भारतात माणसांनी ऐकले, बघितले नाहीत. कारण तेव्हाही हातात होता तो रेडिओच.

बॅट आणि माईक सोडून

मर्चंट मुंबईचे शेरीफ होते. गिरणीचं काम होतं. आणि एक काम असं होतं ज्याची चर्चा कमी होते, ते म्हणजे दिव्यांगांसाठीचं. दिव्यांगांना समान संधी मिळावी म्हणून काम करणाऱ्या नॅशनल सोसायटी फॉर इक्वल ऑपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड या मुंबईतल्या संस्थेशी ते जोडलेले होते. दिव्यांग माणसाला दया नको, काम द्या, हा त्या कामामागचा विचार. तिथल्या पुनर्वसन केंद्राला आज मर्चंट यांचंच नाव आहे.

क्रिकेट बोर्डाची १६ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आहे, तिचं नाव विजय मर्चंट ट्रॉफी. विदर्भातली पोरंसुद्धा ती खेळतात. पुढं मोठ्या टीममध्ये जायच्या वाटेवरची ही एक महत्त्वाची पायरी. अनेक पोरांना ट्रॉफीचं नाव पाठ असतं, पण नावामागचा माणूस माहीत नसतो.

शेवटचा वर्ल्ड कप

ऑक्टोबर १९८७. वर्ल्ड कप पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर आला होता, भारत आणि पाकिस्तानात. आता घराघरात टीव्ही आला होता. रेडिओच्या भोवती होणारी गर्दी टीव्हीच्या भोवती व्हायला लागली होती.

वर्ल्ड कप चालू असतानाच २७ ऑक्टोबर १९८७ ला विजय मर्चंट मुंबईत गेले. वय ७६.

त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, नागपूरच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंडची मॅच झाली. चेतन शर्मानं वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली. आणि एरवी सावकाश खेळणाऱ्या गावसकर यांनी ८८ बॉलमध्ये नाबाद १०३ ठोकल्या. वन डे क्रिकेटमधलं त्यांचं हे पहिलं आणि शेवटचं शतक. १९७१ मध्ये मर्चंट यांच्या समितीनं निवडलेला तो २१ वर्षांचा ओपनर आता ३८ वर्षांचा झाला होता. वर्ल्ड कप संपला आणि गावसकर यांनी बॅट ठेवली.

पुढं त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे. त्यांनीही माईक हातात घेतला. आज ते कॉमेंट्री बॉक्समधून बॅट्समनला विकेट फेकू नको म्हणून झापतात, तेव्हा कुणाला काही नवीन वाटत नाही.

मर्चंट यांच्या बॅटिंगचं आज बघायला फारसं काही मिळत नाही. आकडे आहेत, तेवढेच. पण ज्यांचं वय आज साठीच्या पुढं आहे, अशा घरातल्या एखाद्या क्रिकेटवेड्या माणसाला विविध भारती आणि रविवारची दुपार एवढं म्हणून बघा. ते मर्चंट यांची सरासरी सांगणार नाहीत कदाचित, पण त्यांचा आवाज कसा होता ते नक्की सांगतील.